मामांच्या हातातला गिलास

मधुसूदनरावांची व्हॅन उंच टपाची. आत माणूस ताठ उभा राहील एवढी ऐसपैस, पण वळण आलं की अशी कलायची, की उजवीकडचा पाहुणा थेट डावीकडच्याच्या मांडीवर. गेल्या वर्षी याच गाडीत त्यांचे ब्याऐंशी वर्षांचे मामा चंपतराव यांचे सकाळचे पोहे नव्या धोतरावर परत आले होते. तेव्हापासून मामांनी गाडीचं नाव टाकलं होतं.

आता लेकीचं, भैरवीचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, कुही गावाला ठरलं. घरात मामांहून वडील कुणी उरलेलं नव्हतं आणि भैरवीनं साफ सांगितलं होतं, "आजोबा नसले तर मी कुंकू लावून घेणार नाही."

"मी बैलगाडीनं येतो," मामा म्हणाले. "त्या पाळण्यात बसत नाही."

"मामा, गाडी दुरुस्त करून राहिलो. पोटातलं पाणी हलणार नाही."

"पोटातलं राहू दे. मी हातात ताकाचा भरला गिलास धरतो. थेंब सांडला की तिथंच उतरलो. मंजूर?"

मधुसूदनराव मंजूर म्हणून बसले आणि गाडी घेऊन तडक जरीपटक्याला संघपालकडे गेले.

संघपाल मिस्त्री म्हणजे बघत राहावा असा माणूस. आधी तो गाडीभोवती दोनदा फिरला. मग एका कोपऱ्यावर हातानं भार देऊन सोडला आणि ती किती वेळा हेलकावते ते डोळे मिटून मोजलं. "काका, शॉकअप मेले तुमचे," तो म्हणाला. त्यानं शॉकअप बदलले, झिजलेले रबरी बुश काढून नवे घातले, मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी सळई जाड घातली, म्हणजे एक बाजू एकटी दबू शकत नाही. चाकांतली हवासुद्धा त्यानं स्वतः मोजून भरली. मग पाण्याचा गिलास समोर ठेवून बाजारातल्या सगळ्या वळणांवरून गाडी फिरवून आणली. थेंब सांडला नाही. खरंच, असल्या हातांना नमस्कारच करावा.

रविवार उजाडला. मे महिन्याचं ऊन आठ वाजताच अंगावर येत होतं. गाडीच्या टपावर मधुसूदनरावांनी स्वतःच्या डोक्यानं घरचा मोठा कूलर पक्का बसवला होता, त्याचा वारा झरोक्यातून आत यायचा. नागपूरचा माणूस एक वेळ ब्रेकशिवाय निघेल, पण उन्हाळ्यात कूलरशिवाय नाही. संघपालकडे नेली तेव्हा टाकी कोरडी होती. आज त्यांनी गाडीच्या मागच्या शिडीवर चढून तीत बारा बादल्या पाणी ओतलं.

उमरेड रोडच्या पहिल्याच वळणावर वरचं पाणी एका अंगाला धावलं आणि गाडी त्याच्या मागोमाग कलली. मामांच्या हातातलं ताक जाकिटावर आलं.

"थांबव!" मामा उतरले आणि कडुलिंबाखाली जाऊन उभे राहिले. "मधू, मले ऑटो पाहून दे. मी घरी चाललो."

पाठोपाठ नटलेली भैरवी उतरली. "मग मी पण घरी."

मधुसूदनरावांनी तावातावानं फोन लावला. "काय दुरुस्त केली गा गाडी?"

"काका, टपावर आणखी काही ठेवलं का?" संघपालनं विचारलं.

"काही नाही. तोच कूलर आहे."

"कोरडा?"

"पाण्याबिगर कूलर असते काय गा?"

"काका, मी खालून एवढं सावरलं, अन् तुम्ही डोक्यावर तलाव ठेवला!"

मधुसूदनरावांच्या पत्नी सुहासिनीबाईंनी हे ऐकलं आणि ठेवणीतल्या लुगड्याचा पदर खोचला. साठीची बाई, पण शिडीवर सरसर चढली. आधी सीटवरच्या चार चादरी टाकीत बुचकळल्या, मग टाकीचं बूच उपटलं. बारा बादल्या पाणी कडुलिंबाच्या मुळाशी गेलं. मधुसूदनरावांना ते पाहवेना, ते दुसरीकडे बघत राहिले. ओल्या चादरी बाईंनी खिडक्यांना बांधल्या, मामांचा गिलास पुन्हा काठोकाठ भरला. "मामाजी, एकडाव बसा. आता सांडलं तर मी बी उतरतो तुमच्यासंगं."

पाचगावचं वळण आलं. सगळ्या गाडीनं श्वास रोखला. ताक काठापर्यंत आलं आणि परत फिरलं. खिडकीतून गार वारा येत होता. पुढच्या वळणाला मामाच म्हणाले, "इतक्या दमानं काहून चालवून राहिला? घे जोरात!"

कुहीच्या मांडवात मामा गिलास खाली ठेवीनात. "नागपूरहून भरला आणला, थेंब नाही सांडला!" असं ते व्याह्यांना, भटजींना आणि आचाऱ्याला धरून धरून दाखवत होते. कडुलिंबाची हकिगत त्यांनी गाळली. संघपालचं नाव मात्र प्रत्येकाला सांगितलं.

भैरवीला कुंकू लागलं. ती आजोबांच्या पायाशी वाकली. मामांचे डोळे भरून आले, त्यांनी आशीर्वादाला उजवा हात उचलला आणि उजव्या हातातलं सगळं ताक पोरीच्या डोक्यावर उपडं झालं.

मामांनी रिकाम्या गिलासाकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे वळून ठणकावून सांगितलं, "हे माह्या हातानं सांडलं. गाडीचा काही दोष नाही!"