उजव्या चाकाचा बोल्ट

डावं चाक अर्ध्या तासात झालं आणि तिथेच प्रफुल्ल परब फसला.

"बघितलंस? गॅरेजवाले उगाच बाऊ करतात," शेजारी चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या बायकोला तो म्हणाला. ब्रेकचे झिजलेले पॅड काढून नवे बसवण्याचा व्हिडिओ त्याने इतक्या वेळा पाहिला होता, की त्यातला माणूस कुठे खोकतो हेसुद्धा त्याला पाठ झालं होतं.

"अजून उजवं चाक राहिलंय," नम्रता म्हणाली.

"तेच बोल्ट, तोच पाना. त्यात काय!"

गाडी चाळीच्या अंगणात बरोब्बर मधोमध उभी होती. काळाचौकीत माणसाला नोकरी मिळते, छोकरी मिळते. गाडीला जागा मिळत नाही. प्रफुल्लला ही जागा चाळ कमिटीने एका अटीवर दिली होती. गणपतीच्या मांडवाचा पहिला खांब उभा राहायच्या आत गाडी अंगणाबाहेर गेली पाहिजे. एकदा जरी चुकलं, तर जागा दुसऱ्या मजल्यावरच्या निलेश घाडीची. निलेशची नवीकोरी गाडी चिंचपोकळीला एका वर्कशॉपच्या दारात उभी असायची आणि तिच्यावर दिवसभर लोखंडाचा कीस पडायचा. तो वर्षभर या चुकीची वाट बघत होता.

मांडवाचा मुहूर्त आजच संध्याकाळी पाचचा होता. गाडी प्रभादेवीला नम्रताच्या भावाच्या बिल्डिंगमध्ये न्यायचं ठरलं होतं. पण ब्रेक आठवडाभर किंचाळत होते आणि मेव्हण्याच्या दारात असली गाडी नेणं प्रफुल्लला बरं वाटेना.

उजवं चाक निघालं. आत पॅडना धरून ठेवणारा लोखंडी डबा, म्हणजे कॅलिपर, दोन बोल्टांवर बसलेला असतो. वरचा बोल्ट मुकाट्याने निघाला. खालचा हलेना. त्याच्याभोवती तपकिरी, चिकट थर जमला होता. प्रफुल्लने तो नखाने खरवडला, तर आतून दोन मुंग्या बाहेर आल्या. गंजाला मुंग्या कशा लागतात, हा विचार करायला त्याला वेळ नव्हता. त्याने पाना लावून जोर काढला. पाना सटकला आणि हात जाऊन पत्र्यावर आपटला.

"आई गं!"

चाळीत असली हाक ऐकू आली की तिन्ही मजल्यांवरची माणसं कठड्याला येतात. सगळ्यात आधी त्याचे वडील, नाना, खाली उतरले. नानांनी आयुष्यभर गिरणीत मशिनं दुरुस्त केली होती.

"झिला, बोल्टाक घाई चलत नाय. रॉकेल घाल आणि जरा च्या पी."

"रॉकेल आता मिळतं कुठे, नाना?"

"मगे नुसतो च्या पी."

वरून आईने, कांताबाईंनी, खोबरेल तेलाची बाटली टाकली. "लाव ते! माझी बांगडी नाय का निघत त्याने!"

"आई, ब्रेकला तेल लागलं तर गाडी थांबायची कशी?"

"मेल्या, आधी चालू तर दे. थांबायचं नंतर बघ!"

एवढ्यात निलेश प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली आला, सावली बघून बसला आणि म्हणाला, "चालू दे, चालू दे. मी आपला मांडव बघायला आलोय."

नम्रताने शांतपणे विचारलं, "चाक परत लावून गाडी ढकलत बाहेर का नाही काढत?"

"आणि पुढे? प्रभादेवीपर्यंत ढकलू? बाहेर टोइंगवाला टपलेला आहे. आणि एका चाकाला नवे पॅड, एकाला जुने, अशी चालवली तर ब्रेक मारल्यावर गाडी भलतीकडेच जाईल."

तेवढ्यात गणपती मंडळाचा सेक्रेटरी हेरंब आला, सोबत भटजींना घेऊन. हेरंबच्या खांद्यावर एक जाड लोखंडी पाइप होता. गिरणी बंद पडली त्या वर्षी नानांनी तो आणला होता आणि तेव्हापासून मांडवाचा पहिला खांब म्हणून त्याचाच मान. त्याला हळदकुंकू लागलेलं होतं, वर आंब्याचा डहाळाही बांधलेला होता. भटजींनी गाडी बघितली, घड्याळ बघितलं आणि पाटावर बसून घेतलं.

नानांचे डोळे मात्र पाइपावर खिळले. "हेरंबा, तो पायप हय आण."

"नाना, मुहूर्ताचा खांब आहे तो!"

"मगे शुभच होतला."

पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला की हाताचं बळ कितीतरी पट वाढतं. प्रफुल्ल, हेरंब आणि मंडळाचे दोन कार्यकर्ते पाइपाला लटकले. गाडी जॅकवर हलायला लागली. "अरे, गाडी पाडाल!" नम्रता ओरडली. आंब्याचा डहाळा सुटून प्रफुल्लच्या डोक्यावर पडला. बोल्ट जागच्या जागी होता.

"किती वाजले रे, हेरंब?" निलेशने विचारलं. हे तो मघापासून दर पाच मिनिटांनी विचारत होता.

"तुझ्या हातात घड्याळ आहे ना?"

"तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं."

जागा आता जाणार, हे प्रफुल्लला स्वच्छ दिसायला लागलं. त्याने पाना पुन्हा लावला. तो तिरका बसला. निलेश खुर्चीत जरा पुढे सरकला.

"पाना सरळ धर ना," तो न राहवून म्हणाला.

"तू गप बस."

"बसतो. पण सरळ धर. नाहीतर बोल्टाचं डोकं गोल होईल... अरे, ओढतोस काय असा? झटका द्यायचा असतो!"

चुकीचा धरलेला पाना दुसऱ्याच्या हातात बघून शांत बसेल, असा पुरुष लालबाग-परळात अजून जन्माला यायचा आहे. निलेश निदान दोन वेळा खुर्चीत परत टेकला. तिसऱ्या वेळी त्याने खुर्ची लाथेने मागे ढकलली.

"हट रे, बाजूला हो सगळे! एक बोल्ट निघत नाय तुमच्याच्याने!"

त्याने पाना नीट बसवला, वर पाइप चढवला, पाय रोवले. "गणपती बाप्पा..."

"मोरया!" तिन्ही मजले ओरडले.

कट्ट असा आवाज झाला आणि बोल्ट फिरला.

काय टाळ्या पडल्या! कांताबाईंनी वरूनच कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली. निलेश पाइप डोक्यावर धरून चक्क नाचला. नाचता नाचता त्याला गाडी दिसली, मग भटजी दिसले, मग हातातलं घड्याळ दिसलं. पाचला अजून वीस मिनिटं होती. त्याचे पाय थांबले.

"थँक्यू रे, निलेश," प्रफुल्ल मनापासून म्हणाला.

निलेशने पाइप हेरंबच्या हातात दिला. पॅड बसले, बोल्ट बसले, चाक चढलं. प्रफुल्लने पेडल दाबून ब्रेक बघितला आणि गाडी सुरू केली. तेवढ्यात कांताबाई तबक घेऊन धावत आल्या. "थांब! नवीन सामान बसवलंयस, तसाच निघालास?" त्यांनी उजव्या चाकापुढे नारळ फोडला आणि पाणी तांब्यात धरून, चाकाच्या फटीतून बेताने आत ओतायला लागल्या.

"आई! हे काय?"

"काय म्हणजे? दर दसऱ्याला करते तेच. उजवं चाक मानाचं. नारळाचं पाणी, थोडं पंचामृत. आतपर्यंत पोचलं पाहिजे रे. वरवरची पूजा मला नाय आवडत."

प्रफुल्लला त्या दोन मुंग्या आठवल्या. तो तोंड उघडणार, तोच भटजी ओरडले, "अहो, गाडी काढताय ना? मुहूर्त टळेल!"

निलेशने सगळं ऐकलं होतं. तो हळूच कांताबाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि अगदी अदबीने त्याने तांब्याला हात लावला.

"काकू, उरलंय की अजून," तो म्हणाला. "खालच्या बोल्टापर्यंत जाऊ दे ना."