सोफामास्तरांचा अडेलतट्टू ड्रम

"गॅरेज? ह्या एवढ्याशा कामाला गॅरेज?" सोफामास्तर छाती फुगवून बायकोला म्हणाले. "मागचं चाक काढायचं, ब्रेकचा ड्रम ओढायचा, आत फुंकर मारायची, परत लावायचं. तुझा चहा उकळेपर्यंत उरकतो!"

मंडळी, तो चहा उकळला, आटला, पातेल्याला चिकटला आणि पातेलं घासून फडताळात गेलं, तरी ड्रम जागचा हलला नव्हता.

मास्तरांचा धंदा सोफे दुरुस्तीचा. स्प्रिंग, काथ्या, कापड आणि खिळे यांत हयात गेलेली. सोफे न्यायला-आणायला एक जुनी व्हॅन होती. इतकी जुनी, की तिचा मूळ रंग कोणता यावर घरात दोन तट होते. बायको तिला सरळ 'सवत' म्हणायची. अलीकडे सवतीचं मागचं चाक असं किंचाळायला लागलं होतं, की गल्लीतली कुत्री आधी भुंकायची आणि मग माफी मागितल्यासारखी गप्प बसायची.

"दुपारी माझा भाऊ ट्रक घेऊन येतोय," बायकोनं निक्षून सांगितलं. "तोवर सवत आपल्या पायांनी चालली तर राहील. नाहीतर जाईल भंगारात!"

भाऊ भंगाराचा व्यापारी. त्याची नजर व्हॅनवर पाच वर्षांपासून. तिच्याकडे बघताना त्याच्या तोंडाला असं पाणी सुटायचं, की मास्तर मध्ये उभे राहायचे!

म्हणून मास्तर सकाळीच कामाला लागले. पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला, मागची बाजू जॅकवर उचलून लाकडी ठोकळ्यांवर टेकवली आणि चाक काढलं. सगळं कसं शास्त्रशुद्ध! चाकामागचा तो लोखंडी डबा, म्हणजेच ड्रम, दोन्ही हातांनी धरून ओढला. ड्रम जरासा डुगडुगला, पण निघेना. पाय लावून ओढला. मास्तर मागे जाऊन उताणे पडले, ड्रम जिथल्या तिथे.

"गंजलाय," मास्तर आकाशाला म्हणाले.

मग हातोडा निघाला. ठाण्! पहिला घाव बसला आणि पाठोपाठ आतून आवाज आला, 'कर्र!'

"निघतोय!" मास्तर ओरडले. ठाण्! कर्र! ठाण्! कर्र! घावागणिक उत्तर मिळत होतं. इतकं आज्ञाधारक लोखंड मास्तरांनी जन्मात पाहिलं नव्हतं. फक्त ते बाहेर तेवढं येत नव्हतं. उलट आधी हाताला थोडा हलणारा ड्रम आता भिंतीत चिणल्यासारखा झाला होता!

समोरचा न्हावी गिऱ्हाईक तसंच फेसात सोडून बघायला आला.

"मास्तर, गरम टॉवेल ठेवा. कसलीही राठ दाढी असू दे, मऊ पडते."

"अरे, ही दाढी आहे का?"

"गंज म्हणजे लोखंडाची दाढीच की हो!"

वाद घालण्याइतका दम मास्तरांत उरला नव्हता. गरम टॉवेल आले. ड्रमला गुंडाळले. वाफ निघाली. न्हाव्यानं सवयीनं वर थोडी पावडरही मारली. पुन्हा ठाण्! पुन्हा कर्र! ड्रम सुगंधी झाला, सैल झाला नाही. तिकडे गिऱ्हाईकाच्या गालावर फेस वाळून त्याचे पापुद्रे पडले.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ट्रकचा भोंगा वाजला.

"काय दाजी!" मेहुणा खाली उडी मारत म्हणाला. "चुलीवर ठेवलाय की काय ड्रम? कुकरसारख्या शिट्ट्या किती झाल्या?"

"हसू नको. निघतच आलाय. ऐक, आतून कसा करकरतो!"

"आता मी काय म्हणतो, सगळी गाडीच घेऊन जातो. ड्रम सावकाश काढू."

"खबरदार!" मास्तर हातोड्यासकट व्हॅनला पाठ लावून उभे राहिले. ह्याच व्हॅनमधून त्यांनी पहिला सोफा पोहोचवला होता, ह्याच व्हॅनमधून बायको बाळंतपणाहून घरी आली होती. "एक संधी दे. तुझा ट्रक लाव. दोरखंड बांधू, तू ओढ. निघाला तर गाडी माझी, नाही निघाला तर तुझी!"

"ताई, ऐकलंस ना? साक्षीदार तू!"

"ऐकलं," ताई दारातून म्हणाली. "आणि दोघांचीही कीव आली."

दोरखंडाचं एक टोक ड्रमला, दुसरं ट्रकच्या मागच्या बंपरला. मेहुण्यानं गिअर टाकला. दोरखंड ताणला, गुणगुणायला लागला. व्हॅन कण्हली. ट्रक फुरफुरला. न्हाव्यानं डोळे मिटले. आणि आतून आवाज आला, नुसता कर्र नाही, कर्र-कर्र-कर्र!

"आला! आला!" मास्तर नाचायला लागले.

धडाड्!!

आला खरा, पण ट्रकचा बंपर. तो हवेत एक गिरकी घेऊन मास्तरांच्या पुढ्यात आडवा झाला. ड्रम होता तिथेच, पावडर लावून, नवरदेवासारखा.

इतक्यात व्हॅनच्या पुढच्या खिडकीतून एक चष्मा बाहेर आला. मागोमाग सासूबाई.

आता हे सांगायला हवं, की सोफामास्तरांच्या घरात बसायला एकही धड सोफा नव्हता. सगळे उसवलेले. अख्खी, मऊ बैठक काय ती व्हॅनच्या पुढच्या सीटची. सासूबाई रोज सकाळी तिथं विणकाम घेऊन बसत. त्या इतक्या रोजच्या होत्या, की मास्तरांना त्या सीटचाच भाग वाटत.

"जावईबापू!" सासूबाई थरथरत म्हणाल्या. "सकाळपासून गाडी हादरवताय, मी चकार शब्द काढला नाही. पण हे काय? दोन्ही हातांनी ओढून धरलाय म्हणून वाचले! नाहीतर गेले असते थेट भंगारात!"

"काय ओढून धरलंय, आई?" मास्तरांचा आवाज खोल गेला.

"हँडब्रेक! तुमचाच ना नियम? गाडी घरंगळत न्हाव्याच्या दुकानात शिरली होती, तेव्हा सगळ्यांना उभं करून बजावलंत, गाडीत कुणीही बसलं की आधी हँडब्रेक ओढायचा. मी तर दर हादऱ्याला तो एकेक दात वर ओढतेय. कर्र, कर्र!"

हँडब्रेक जितका वर ओढावा, तितका तो आतून ड्रमलाच आवळतो. मास्तरांनी हातोडा हळूच पाठीमागे लपवला. मग खिडकीतून हात घालून हँडब्रेक खाली केला आणि ड्रमवर नुसती एक चापट मारली. झोपलेलं मूल कुशीत यावं तसा ड्रम अलगद त्यांच्या मांडीत आला. आत गंजाचा भुगा आणि सोफ्याचा एक चुकार खिळा. तोच किंचाळत होता! खिळा काढला, भुगा झटकला, ड्रम लावला, चाक चढवलं. सवत मुकाट्यानं कोपऱ्यापर्यंत गेली, मुकाट्यानं परत आली आणि दारात पाय रोवून थांबली. मास्तरांनी सोडलेला श्वास न्हाव्याच्या दुकानापर्यंत ऐकू गेला म्हणतात.

"पण दाजी, ट्रकनं काही ड्रम निघाला नाही," मेहुणा शेवटचं घोडं पुढे दामटत म्हणाला. "म्हणजे पैजेप्रमाणे गाडी..."

"तू गप रे!" सासूबाई सीटवरूनच कडाडल्या. "ह्या गाडीनं मला धरून ठेवलं, आणि ओढून नेत होता कोण? पोटचा पोरगा! ही गाडी कुठंही जायची नाही. आणि मीही हिच्यातून उतरायची नाही!"

यावर बायकोनं सवतीच्या बोनेटवर सगळ्यांदेखत एक हात फिरवला आणि पुन्हा चहा टाकायला आत गेली.

मेहुणा चहाला थांबला नाही. त्या दिवशी त्याच्या ट्रकमधून भंगार गेलं, नाही असं नाही. पण तो बंपर त्याचा स्वतःचाच होता, आणि तो उचलून आत टाकायला मास्तरांनी अगदी मनापासून हातभार लावला.