आठ कामगार आणि मुकादम

गोष्ट दोन हजार बारा सालची. मुकादमांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांचा संशय अजून नोकरीत होता. कारखान्यात तीस वर्षं कामचुकारांना पकडत आलेला माणूस. घरात दूध उतू गेलं, तरी ते आधी मांजराकडे रोखून बघत.

त्यांच्या सुनेने कचेरी सोडून घरीच फिल्म बनवायचं काम सुरू केलं होतं. पहिलंच काम शाळेच्या निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापिका बाईंच्या निरोपाचं. छत्तीस वर्षांचे फोटो, मुलांचे नाच, जुन्या फिती, सगळं जोडून चाळीस मिनिटं. दुपारी चारला शाळेत दाखवायची. हे फसलं तर मुकाट्याने पुन्हा कचेरी, असं घरात ठरलं होतं.

त्याच दिवशी सकाळी दहाला सुनेने कॉम्प्युटरवर बटण दाबलं आणि ती मटकन खुर्चीत बसली.

"काय झालं गं?"

"बाबा, फिल्म तयार व्हायला अकरा तास लागतील म्हणतोय हा!"

मुकादमांनी चष्मा चढवला. पडद्यावर आठ चौकटी होत्या. एकीत रेघ थेट माथ्याला टेकलेली, बाकी सातांत जमिनीवर आडवी.

"हे कोण?"

"हे कोअर. कॉम्प्युटरच्या आत आठ कामगार आहेत असं समजा."

"आणि त्यातले सात झोपलेत?"

"झोपलेत कुठले! प्रोग्रॅम जुना आहे, तो एकालाच काम देतो."

"'साहेब, आम्हाला कामच दिलं नाही.' जन्मभर हेच ऐकलंय मी," मुकादम म्हणाले. मग आवाज खाली आणून, "की दुकानदाराने एकच खरा बसवलाय, आणि ही सात नुसती चित्रं?"

"बाबा, मला रडायला येतंय आणि तुमचं काय!"

"रडू नकोस. हा प्रोग्रॅम एकाच वेळी आठदा उघडता येतो?"

"येईल बहुतेक."

"मग फिल्मचे आठ तुकडे कर आणि एकेकाच्या गळ्यात एकेक बांध. बघू कोण पळतं ते."

सून डोळे पुसत कामाला लागली. "तुकड्यांना एक, दोन, तीन नंबर देते."

"नंबर नको. माणूस नंबरामागे लपतो. नावं दे. लांब्या, मिशीवाला, टोपीवाला, गप्पिष्ट..."

घाईत वाद कोण घालणार? तिने दिली. आठही रेघा उसळून माथ्याला टेकल्या. मुकादम वही घेऊन समोर बसले, ते जेवायलाही उठेनात. "पाठ वळली की बसतील लेकाचे."

दीडच्या सुमारास त्यांनी सुनेला हाक मारली. "लांब्या मघाशीच मोकळा झाला. मिशीवाला मात्र रेंगाळतोय."

"लांब्याकडे नुसते फोटो होते, बाबा. मिशीवाल्याकडे जुनी, ठिपके-ठिपके दिसणारी फीत आहे, त्यात मुलं धावतायत. तिला वेळ लागतोच."

"वशिल्याने हलकं काम कोणाला गेलं ते कळलं!" मुकादमांनी वहीत टिपलं.

मिशीवाल्याने हात मोकळे केले तेव्हा तीन वाजून गेले होते. सुनेने मुकादमांच्या वहीतली नावांची यादी समोर धरून तुकडे भराभर जोडले आणि दोघं शाळेकडे धावली.

सभागृहात अंधार झाला. पडद्यावर पहिलंच चित्र आलं ते फाटकाबाहेर पडणाऱ्या बाईंच्या पाठीचं. खाली 'निरोप' अशी अक्षरं.

सुनेने सासऱ्यांचं मनगट धरलं. "बाबा, वहीत क्रम कसला लिहिलात?"

"ज्याने आधी काम संपवलं, त्याचं नाव आधी. आमच्याकडे तसंच असतं."

"अहो, मी तो फिल्मचा क्रम समजले!"

चाळीस मिनिटं बाई पुढे-मागे होत राहिल्या. केस पांढरे झाले, काळे झाले, पुन्हा पांढरे झाले. शेवटी आली ती पहिल्या वर्षाची फीत. दोन वेण्या घातलेल्या बाई पोरांमागे जिवाच्या आकांताने धावत होत्या. तिथेच फिल्म संपली.

दिवे लागले. बाई उठल्या. "ही कल्पना कोणाची?"

मुकादम ताठ उभे राहिले. "माझी. सूनबाईचा यात काही दोष नाही." आयुष्यात पहिल्यांदाच ते स्वतः पकडले गेले होते.

"महिनाभर जो तो मला 'आता बसा' म्हणतोय," बाईंनी डोळे टिपले. "तुम्ही एकट्यांनी मला धावतं ठेवलंत."

टाळ्यांच्या कडकडाटात मुकादम कुजबुजले, "टोमणा तर मारत नाहीत ना गं?"

सून पुन्हा कचेरीत गेली नाही. तिच्याकडे लोक येऊन मुद्दाम 'तशी उलटीसुलटी' फिल्म मागू लागले. पुढे आठही जणांना एकदम कामाला लावणारा नवा प्रोग्रॅम आला. तेव्हा मुकादमांची झोप उडाली. न सांगता सगळे राबतायत, म्हणजे काहीतरी शिजतंय, असं ते अखेरपर्यंत म्हणत.

आणि बाई ती फिल्म रोज लावायच्या. म्हणायच्या, "सकाळी उठून निवृत्त होते, आणि चहा संपेपर्यंत नोकरीला लागते."