हाकेच्या अंतरातली रिकामी जागा

आई गाडीच्या मागच्या दारात अर्धी आत आणि अर्धी बाहेर अशा अवस्थेत असतानाच दंडाची पावती फाडली गेली.

"अहो, निदान आत तरी जाऊ द्या तिला," तिचा मुलगा म्हणाला. चष्म्यांच्या दुकानामुळे गल्ली त्याला चष्मेवाला म्हणायची.

"आत गेल्यावर तुम्ही निघून जाल. मग दंड कुणाला करू?" पावतीवाल्याचं म्हणणं बिनतोड होतं.

आईच्या खुब्याचा सांधा नुकताच बदलला होता. दिवसाआड तिला व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं होतं. नाही नेलं तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. नवा खुबा जास्त वाकवायचा नाही आणि पिळायचा तर अजिबात नाही. त्यामुळे आईला गाडीत बसवणं म्हणजे अरुंद जिन्यातून कपाट वर चढवण्यासारखं होतं. आधी पाठ, मग धड, मग एकेक पाय. तोवर मागे गाड्यांची रांग लागायची, हॉर्न वाजायचे, आणि आई अर्ध्यातूनच वळून प्रत्येक हॉर्नला उत्तर द्यायची. वळायचं नाही, हे ती तेवढं विसरायची.

पूर्वी गाडी दारातच असायची. मग नगरपालिकेने गल्लीत पांढरे चौकोन आखले. ते कुणाचेच नव्हते, म्हणजे सगळ्यांचे होते. जो आधी येईल त्याचे. चौकोनाबाहेर चाक टेकलं की दंड. याचा परिणाम असा झाला की ज्याला चौकोन मिळाला, तो गाडी हलवायलाच तयार होईना. कोपऱ्यावरचा बेकरीवाला तर सगळा माल सायकलवरून पोचवू लागला. गाडी दारात शाबूत राहिली म्हणजे झालं. चष्मेवाला दुकान बंद करून घरी येईपर्यंत गल्ली भरलेली असायची आणि त्याची गाडी जायची पार बाजारामागच्या मैदानात. आईच्या चार व्यायामांपैकी दोन या भानगडीत बुडाले होते.

"अहो, ही पावती मागून वाचलीत का?" त्या संध्याकाळी बायको म्हणाली. "अडचणग्रस्त रहिवाशांना दारात राखीव पिवळा चौकोन मिळेल म्हणे. आपण अडचणग्रस्त नाही तर कोण?"

दुसऱ्याच दिवशी चष्मेवाला नगरपालिकेच्या अडचण विभागाच्या खिडकीपाशी उभा होता.

"अडचण काय?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. गाडी दारात लावता येत नाही."

"ही झाली गैरसोय. मी अडचण विचारतेय."

"दोन्हींत फरक काय?"

"गैरसोय तुम्हाला होते. अडचण आम्हाला मान्य व्हावी लागते."

मग बाईंनी नियम समजावला. अर्जदाराच्या दारापासून हाकेच्या अंतरात एकही रिकामी जागा नसेल, तर ती अडचण. आधी नियमात मीटर होते. पण लोक आपापल्या टेपा घेऊन यायचे आणि दारापासून म्हणजे उंबऱ्यापासून की फाटकापासून, यावर हमरीतुमरीवर यायचे. म्हणून समितीने विचारान्ती मीटर काढून टाकले आणि हाक घातली. टेप ताणता येते, हाक ताणता येत नाही, असा समितीचा समज होता.

"हाक कोण मारणार?"

"अर्जदार. अर्ज आईंच्या नावाने ना? मग त्यांनीच मारायची. आमचे निरीक्षक ऐकू येईल तितकं लांब चालत जातात. आवाज आहे ना आईंना?"

"आहे की!" चष्मेवाला अभिमानाने म्हणाला, आणि तिथेच घात झाला.

आईने आख्खी नोकरी शाळेच्या मैदानावर कवायत शिकवण्यात घालवली होती. एका वर्षी तिची शिट्टी हरवली. तिने नवी घेतली नाही, कारण गरज पडली नाही.

मोजणीच्या दिवशी अडचण निरीक्षक हजर झाला. हा एक बारीक, घामेजलेला माणूस होता आणि त्याच्या बुटांचे तळ झिजलेले होते. नवा नियम आल्यापासून त्याचं निम्मं आयुष्य चालण्यात जात होतं. त्याने आईला दारात खुर्चीवर बसवलं.

"हं, मारा हाक."

"कुणाला?"

"कुणालाही. नियमात नाव नाही."

"अशी बिननावाची हाक मारू? लोक म्हणतील म्हातारीला भ्रम झाला."

"मग मुलाला मारा."

"तो तर शेजारी उभाय."

"समजा तो लांब गेलाय."

आईने मुलाकडे पाहिलं. "तो कधी लांब गेलाच नाही हो. तेच तर चुकलं त्याचं."

शेवटी ठरलं, की निरीक्षक चालत जाणार, थांबला की चष्मेवाल्याला फोन करणार, फोन बंद झाल्यावर आईने हाक मारायची. फोनमधून ऐकू आलेली हाक ग्राह्य नव्हती.

मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज चौपट क्षीण होतो. हे निसर्गाचं म्हणणं. पण गल्ली अरुंद होती, दोन्ही बाजूंना उंच भिंती होत्या, आणि आई निसर्गाचं ऐकणाऱ्यांपैकी नव्हती. तिची "अरे ए!" त्या भिंतींमधून नळीतून पाणी सुटावं तशी सुटली. बेकरीतून दोन गिऱ्हाइकं "ओ!" देत बाहेर आली. निरीक्षक कोपऱ्यावरून फोन करत होता, मग चौकातून, मग बाजारातून. शेवटी तो परतला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"बाजारामागच्या मैदानात जागाच जागा आहेत," तो म्हणाला. "हाक तिथवर स्वच्छ येते. अडचण नाही."

"अहो, माझी गाडी तिथेच तर असते! तिथवर हिला चालवत नेऊ?"

"चालण्याचा नियमात उल्लेख नाही. ऐकू जाण्याचा आहे."

अपील करता येत होतं. अपिलात मोजणी पुन्हा होणार होती. चष्मेवाल्याने आईला हळूच सुचवून पाहिलं, "आई, या वेळी जरा बेताने."

"बेताने म्हणजे? खोटं बोलू?"

"खोटं नाही गं, नुसतं हळू."

"हळू मारलेली हाक म्हणजे कुजबुज. मी जन्मात कुणाच्या कानाशी लागले नाही, आता एका चौकोनासाठी लागू होय?"

हे बोलणं बेकरीवाल्याने ऐकलं. गल्लीत आईचं बोलणं न ऐकण्याची सोयच नव्हती. तो चष्मेवाल्याला बाजूला घेऊन म्हणाला, "आईंना काही सांगू नका. आपण आवाजाला आवाज लावू. माझं कणीक मळायचं यंत्र बघा. त्याचा खडखडाट सुरू झाला की माझ्या बायकोची बोलणी मला ऐकू येत नाहीत. म्हणून तर दुरुस्त करत नाही मी ते."

दुसऱ्या मोजणीच्या वेळी यंत्र दाराला लागून सुरू झालं. पत्र्याच्या पिंपात धोंडे गडगडावेत तसा आवाज होता तो. पण गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. बेकरीवाल्याचा धंदा पिठाचा आणि चष्मेवाल्याचा डोळ्यांचा. पहिल्या मोजणीत आई नुसती हाक मारत होती. आता ती रागावली.

"अरे ए! कोण रे तो खडखडाट करतोय? माझी अडचण मोजायचं चाललंय, कळत नाही?"

निरीक्षक बाजार ओलांडून गेला. मग पूल. पुढे जाता जाता तो थेट नगरपालिकेच्या फाटकातून आत शिरला आणि थकून कचेरीच्या पायरीवर बसला. तिथेही त्याला आईने यंत्राला आणि यंत्रवाल्याला काय म्हटलं, ते शब्दशः कळलं. पायरीच्या शेजारी गाडीची एक जागा रिकामी होती. निरीक्षक प्रामाणिक माणूस. त्याने जे दिसलं ते लिहिलं.

आदेश घरी आला: 'अर्जदाराच्या हाकेच्या अंतरात, नगरपालिकेच्या आवारात, एक जागा रिकामी असून ती अर्जदारास उपलब्ध आहे. सबब अडचण नाही.' खाली मुख्य अधिकाऱ्यांची सही.

चष्मेवाला डोक्याला हात लावून बसला. त्या आठवड्यातला तिसरा व्यायामही बुडाला होता. आई भिंतीला धरून उठायची आणि उठताना तोंडातून चकार शब्द काढायची नाही. तिचं हे गप्प राहणंच त्याला सगळ्यांत भीतिदायक वाटत होतं.

बायको आदेश पुन्हा पुन्हा वाचत होती. "उपलब्ध आहे म्हणतायत ना? मग लावा तिथे."

"अगं, ती कुणाची तरी असेल."

"असती तर तसं लिहिलं असतं. लावा तुम्ही. मग बघू अडचण कुणाला होते."

चष्मेवाल्याने गाडी नेऊन त्या जागेत लावली आणि आदेश काचेमागे ठेवला. जागा मुख्य अधिकाऱ्यांची होती. अपिलाच्या दिवसापासून ते दौऱ्यावर होते, म्हणून ती रिकामी होती; आदेशावर सहीही त्यांनी दौऱ्यावरूनच, न वाचता ठोकली होती.

परत आल्यावर ते गरजले, "कुणाची ही गाडी? उचला!"

"साहेब, उचलता येत नाही," निरीक्षक म्हणाला. "आदेश आहे. सही आपली आहे."

"मग आदेश रद्द करा!"

"फेरमोजणीशिवाय होत नाही. तो नियमही आपलाच आहे."

दोन दिवस साहेबांची गाडी बाजारामागच्या मैदानात उभी राहिली आणि साहेब पूल ओलांडून चालत कचेरीत आले. तिसऱ्या दिवशी फेरमोजणी ठरली. या वेळी ऐकणार होते खुद्द साहेब, आपल्या खिडकीतून. कचेरीला तोंडी सूचना गेली होती की आज कुणालाही काहीही ऐकू येणार नाही. घरी आईच्या दारात खिडकीतल्या बाई देखरेखीला गेल्या, आणि चष्मेवाला अर्जदाराच्या बाजूने साहेबांच्या मागे उभा राहिला.

दुपार उलटून चालली होती. पहिली हाक आली. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं.

"काही ऐकू आलं?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब," सगळी कचेरी एका सुरात म्हणाली.

दुसरी हाक आली. शिपायाच्या तोंडून "ओ" निघणार होता, तो त्याने शिंकेत बदलला.

"हवेचा आवाज दिसतोय," साहेब म्हणाले. "लिहा, हाक पोचत नाही." चष्मेवाल्याला दिसलं, की आता उरलीसुरली जागाही गेली. दारातही नाही आणि इथेही नाही. निरीक्षकाने पेन उघडलं.

तिकडे काय घडलं ते बायकोने नंतर सांगितलं. आईने बाईंना विचारलं होतं, "ऐकतंय तरी कोण तिकडे?" बाई म्हणाल्या, "आमचे साहेब. सकाळपासून उभे आहेत बिचारे, जेवलेसुद्धा नाहीत." "जेवला नाही? इतक्या उशिरापर्यंत?" असं म्हणून आई खुर्चीच्या हातांना धरून उभी राहिली.

तिसरी हाक बाजारावरून, पुलावरून आली.

"अरे, जेवलास का?"

"नाही अजून!" साहेब म्हणाले.

सगळी कचेरी साहेबांकडे वळली. माणसाला पद मिळतं, गाडी मिळते, खिडकी मिळते; पण या प्रश्नाला गप्प कसं राहायचं, हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. साहेबांनी तोंडावर हात ठेवला, पण निरीक्षकाचं पेन चालू झालं होतं. आणि पाठोपाठ आलंच, "मग ये की! वाढलंय!"

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग सगळ्या कचेरीकडे. "स्थळपाहणी करावी लागेल," ते घसा साफ करत म्हणाले.

स्थळपाहणीसाठी साहेबांनी मैदानातून गाडी काढली. गल्ली नेहमीसारखीच गच्च होती. त्यांनी एक फेरी मारली, दुसरी मारली, तिसरीला बेकरीवाल्याने ओळखीचा असल्यासारखा हात हलवला. आई दारातून ओरडत होती, "अरे, निवतंय सगळं!" शेवटी गाडी पुन्हा बाजारामागे लावून साहेब चालत आले. गार भाजीचा पहिला घास गिळताच त्यांनी निरीक्षकाला बोलावून आदेश दिला, की या दारात भयंकर अडचण आहे आणि उद्या सकाळच्या आत पिवळा चौकोन आखला गेला पाहिजे.

चौकोन आखला गेला. चष्मेवाल्याने कचेरीतली जागा आनंदाने सोडली, दुकानातून मुद्दाम लवकर निघाला आणि शीळ वाजवत गल्लीत शिरला. चौकोनात साहेबांची गाडी उभी होती. चौकोनाच्या आत ताज्या रंगात लिहिलं होतं: 'स्थळपाहणीसाठी राखीव'.

आत साहेब बाह्या सरसावून जेवत होते. आई काठी घेऊन, पायांत बूट चढवून तयार बसली होती.

"हा मला जाताना दवाखान्यात सोडणारे," ती म्हणाली. "त्याच्या गाडीचं दार केवढं रुंद आहे माहितीये? काल जेवण झाल्यावर त्याने ती दाराशी आणली, तर एका दमात आत गेले. डॉक्टरीणबाई म्हणाली, बुडालेले व्यायाम भरून काढायला असं रोज आलात तर काठीसुद्धा सुटेल."

चष्मेवाला एकदा आईच्या बुटांकडे आणि एकदा साहेबांच्या ताटाकडे बघत राहिला.

"साहेब, ते ठीक आहे. पण मग मी गाडी कुठे लावू?"

साहेबांनी घास चावता चावता गंभीरपणे विचार केला. "तुमची अडचण रास्त दिसते. अर्ज करा. हाक मात्र तुम्हालाच मारावी लागेल."

"अरे, जेवू दे की त्याला आधी," आई म्हणाली. "आणि काळजी कशाला करतोस? मिळेल तुला चौकोन. तुझा आवाज कुठे जातोय उंबऱ्याबाहेर!"