अश्वमर्दन केंद्रातला पहिला मान

आमच्या गावात सरकारी अभियानातून घोड्यांना मालिश करण्याचं केंद्र मंजूर झालं. कर्जत तालुक्याच्या या टोकाला नळाचं पाणी अजून पोचायचंय, पण विकासाची सुरुवात कुठून तरी करावीच लागते. गावात घोडा एकच होता, आणि ती घोडी होती. भिमाजीची चांदणी. वराती नाचून नाचून तिची पाठ धरली होती. खाली बसली की उठताना अशी कण्हायची, की भिमाजी तोंड फिरवून डोळे पुसायचा.

"पाठ मोकळी झाली न्हाई, तर एक दिस बसंल ती उठायचीच न्हाई," तो म्हणायचा.

उद्घाटनाला मांडव घातला, फेटे आले, नारळ आले. चांदणीच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, त्यातला अर्धा तिनं तिथंच खाल्ला. मालिशवाला हनुमंत खास प्रशिक्षण घेऊन आलेला, पंजे भाकरीच्या परातीएवढे. सूत्रसंचालन अर्थातच माझं. बारशापासून दहाव्यापर्यंत गावातला प्रत्येक माईक या रामहरीच्या हातात असतो, त्यामुळं मानपानाचं मला जेवढं कळतं तेवढं पंचक्रोशीत कुणाला कळत नाही.

हनुमंतनं कोमट तेल घेतलं आणि थेट घोडीच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या काळजात चर्र झालं.

"अरे थांब!" मी माईकवरूनच ओरडलो. "सरपंच काकासाहेब समोर बसलेत आणि पहिला मान जनावराला? काही रीतभात?"

काकासाहेब रीतीप्रमाणं दोनदा "नको, नको" म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी सदरा काढला. हनुमंतनं त्यांना बाकावर पालथं घालून खुब्यापासून मानेपर्यंत असा काही रेटा दिला, की काकासाहेबांच्या तोंडून आधी "मेलो, मेलो" आलं आणि मग "आरं, सोर्ग हाय रं हा!"

झालं. सरपंचांना मान दिल्यावर उपसरपंच रुसले. त्यांना दिला, तर माजी सरपंच उठून निघाले. मग सोसायटीचे चेअरमन, मग त्यांची भावकी, मग नवऱ्या मुलाचा मामा असल्याच्या नात्यानं एक गृहस्थ, ज्यांच्या भाच्याचं लग्न अजून ठरायचं होतं. संध्याकाळ झाली. घोडी उभीच.

"रामहरी आण्णा, माझ्या चांदणीचं काय?" भिमाजीनं विचारलं.

"तिला समारोपाचा मान आहे," मी म्हणालो. "तो सगळ्यात मोठा."

दुसऱ्या दिवशी अभियान अधिकारी हर्षल साहेब हिशेब जुळवायला बसले आणि त्यांना घाम फुटला. तेल फक्त कानात बिल्ला असलेल्या नोंदणीकृत घोड्यालाच लावायचं, असा नियम. माणसांना लावलेलं तेल त्यांच्या पगारातून जाणार होतं.

"मग आमाला घोडा लिवा की," काकासाहेब म्हणाले. "त्यात काय बिघडलं?"

हे इतकं सोपं असेल असं साहेबांना वाटलं नव्हतं. काकासाहेबांच्या कानातली भिकबाळी काढून तिथं पिवळा बिल्ला ठोकला. नोंद झाली : घोडा, नर, रंग गव्हाळ, खोड : भाषण. घरी गेल्यावर त्यांच्या बायकोनं, रतनबाईंनी, कानाकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "एवढा घोडा झालात, आता कवा अक्कल यायची?"

पण बिल्ला दिसायला झकास होता. आठ दिवसांत गावातल्या प्रतिष्ठित मंडळींत बिनबिल्ल्याचा कान लाजिरवाणा ठरला. रोज पहाटे केंद्रापुढं घोड्यांची रांग, दात घासत, राजकारण बोलत. अखेर चांदणीचा नंबर लागला, तेव्हा बिल्ले संपले.

"बिल्ला नाही म्हणजे नोंद नाही," हर्षल साहेब म्हणाले. "नोंद नाही म्हणजे घोडा नाही."

"मंग ही काय हाय, सायेब?"

"ते या अभियानाच्या कक्षेत येत नाही."

अशात काकासाहेबांच्या मुलाचं, पार्थचं लग्न आलं. सरपंचाच्या घरची वरात, भिमाजीला नाही म्हणवेना. हलगी कडाडली. पार्थ चढून बसला मात्र, चांदणीचे गुडघे दुमडले.

"उतरा! उतरा आधी!" भिमाजी किंचाळला. "मरंल माझी घोडी!"

पार्थ उतरला. हर्षल साहेब फेटा सावरत पुढं आले. "शिवाय हिला बिल्ला नाही. वरात नोंदणीकृत घोड्यावरूनच काढावी लागेल."

हलगी थांबली. सगळा गाव एकमेकांच्या कानांकडं बघू लागला. आता कुणाच्या पाठीवर बसायचं, हा पुन्हा मानाचाच प्रश्न. मी माईक घेतला आणि रीतीप्रमाणं काकासाहेबांचं नाव पुकारलं. ते दोनदा "नको, नको" म्हणाले. मग उपसरपंच सदरा सावरत पुढं येताना दिसले, तसे काकासाहेब चटकन वाकले. पोराला पाठीवर घेऊन ते हलगीवर असे नाचले, की म्हाताऱ्या माणसांनी बोटं तोंडात घातली. मागून बाकीचे घोडे दुडक्या चालीनं. रतनबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

वरातीमुळं केंद्र मोकळं पडलं होतं. घसा ओला करायला मी तिकडं वळलो, तर आत हनुमंत चांदणीची पाठ चोळत होता. नोंद नाही, बिल्ला नाही. तिचे डोळे अर्धे मिटलेले, खालचा ओठ लोंबत होता.

"आण्णा, बघा की! कान कसं ढिलं सोडल्यात तिनं!" भिमाजी रडत होता आणि हसतही होता. "वाचली माझी बाय!"

खरं सांगतो, मलाही भरून आलं. बिचारं मुकं जनावर, किती सोसलं त्यानं.

"अर्धी पाठ झाली ना रे?" मी सदरा खुंटीला अडकवत म्हणालो. "मग तिला घडीभर बाजूला घे. उभ्यानं बोलून बोलून आज माझी कंबर लई धरलीय."

भिमाजीनं माझ्याकडं पाहिलं. मग घोडी बाजूला घेतली.

वरात उरकून आलेल्यांची माझ्या मागं लगेच रांग लागली. आत्ता हे वाचताना तुम्ही मनात "अरेरे, बिचारी घोडी" म्हणालात ना? रांगेतला प्रत्येक जण तेच म्हणत होता, आणि एकेक पाऊल पुढं सरकत होता.