नऊ नंबरचा पाळणा

काकांनी पंचावन्नाव्या वर्षी पाळणाघरात शिकाऊ उमेदवार म्हणून नाव घातलं, तेव्हा एक मुलगी वाढवल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. तो ग्राह्य धरला गेला नाही. त्यावर कुणाचा सही-शिक्का नव्हता.

मुळात ही शिकायची अट त्याच मुलीने घातलेली. तिची दीड वर्षाची पोर दिवसभर या पाळणाघरात असायची. आवाज असा, की घरात सगळे तिला भोंगा म्हणत. काका नोकरी संपवून घरी रिकामे.

"अगं, मी आहे ना! मी सांभाळतो तिला."

"बाबा, तुम्ही मला लहानपणी कपाटावर बसवून विसरला होतात."

"विसरलो नव्हतो. गंमत करत होतो."

"दोन तास?"

शेवटी ठरलं. काकांनी महिनाभर शिकून प्रमाणपत्र आणलं, तर भोंगा आजोबांकडे. नाही आणलं, तर विषय कायमचा बंद.

पाळणाघराच्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला. मूल रडलं की आधी रडण्याच्या नोंदवहीत वेळ, सूर आणि कारण क्रमांक लिहायचा, मग मुलाला हात लावायचा. कारणं एकूण अठरा, भिंतीवर चिकटवलेली. शिकाऊ माणसाने तर खऱ्या मुलाला हातच लावायचा नाही. त्याच्या सरावासाठी रबराची बाहुली. पाळणा नंबर नऊ.

"आणि कारण अठरात बसलं नाही तर?" काकांनी विचारलं.

"तर ते रडणं नाही," बाई म्हणाल्या.

काकांना माहेरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी एकतीस वर्षं कचेरीत फायलींवर 'योग्य ती कार्यवाही केली' असा शेरा मारला होता. योग्य ती म्हणजे कुठली, हे एकानेही विचारलं नव्हतं.

आता बाहुलीची नोंद करायची तर आधी तिचा प्रवेश अर्ज हवा, आणि पालकाचा फोन नंबर घातल्याशिवाय कॉम्प्युटर अर्ज घेईना. काकांची खोड जागी झाली. त्यांनी जावयाचाच नंबर ठोकून दिला. कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं. काकांनी न वाचता 'हो' दाबलं. तीही जुनी सवय.

बेत साधाच होता. रोज दुपारी दीडला पालकांना निरोप जातो, तसा जावयाला बाहुलीचा जाईल, जावई गडबडून फोन करेल, रविवारी सगळे मिळून हसतील.

पहिला निरोप गेला: 'बाळाने सगळं दूध संपवलं. अजिबात रडलं नाही.' फोन आला नाही. अंगठा आला.

काकांनी जरा तिखट वाढवलं. 'बाळ आज डोळे उघडे ठेवून तीन तास झोपलं.' अंगठा, शिवाय एक बदाम. तिसऱ्या आठवड्यात काकांनी लाज सोडली. 'आज बाळाचा उजवा हात निघाला होता. परत बसवला आहे.'

जावयाचं उत्तर आलं: 'थँक यू टीचर!'

महिनाअखेर तपासनीस आले. नोंदवह्या चाळता चाळता त्यांचा चेहरा उजळला. "हे नऊ नंबरचं मूल कुणाचं? एकदाही रडणं नाही, चावणं नाही, सांडणं नाही!"

"साहेब, ती बाहुली आहे," काका म्हणाले.

"इथे तसं लिहिलेलं नाही." साहेबांनी पाळण्यात वाकून बघितलं. बाहुली साहेबांकडे बघत राहिली. "नजर बघा, किती स्थिर! बाकीची मुलं फारच मागे पडलीत, बाई. त्यांना या पातळीवर आणा."

मोठ्या बाईंनी लगेच बाकीच्या मुलांसाठी जादा शांततेचा तास लावला.

मग काकांची परीक्षा. त्यांनी बाहुलीला निजवलं, थोपटलं, नोंद केली. साहेबांनी प्रमाणपत्रावर सही करायला पेन उघडलं. तेवढ्यात शेजारच्या आठ नंबरच्या पाळण्यातून भोंगा कठड्यावर चढली आणि धपकन खाली गादीवर पडली.

"आबाऽऽऽ!"

काकांनी वही ओढली. वेळ लिहिली. सूर लिहिला: वरचा. कारण? पडणं म्हणावं, तर पोर गादीवर पडली होती, लागलं काहीच नव्हतं. आजोबा समोर असून उचलत नाही म्हणून ती रडत होती. भिंतीवरच्या अठरात ते कारण नव्हतं.

काकांनी वही भिरकावली आणि तिला उचललं. भोंगा बंद.

साहेबांनी शेरा लिहिला: 'कारण न नोंदवता रडणं थांबवलं. अपात्र.' पेन उघडलंच होतं म्हणून त्यांनी नऊ नंबरला आदर्श बालकाचं प्रमाणपत्र देऊन टाकलं.

संध्याकाळी काकांनी घरी निकाल सांगितला.

"बरंच झालं बाबा," जावई म्हणाला. "तिथे किती शहाण्यासारखी राहते ती! हे बघा, रोजचे निरोप आहेत."

"अहो जावईबापू, ती बाहुली आहे! मी केलेली गंमत! हात निघाला हे वाचूनसुद्धा तुम्हाला काही वाटलं नाही?"

"मला वाटलं, काहीतरी अ‍ॅक्टिव्हिटी असेल."

काका खो-खो हसले. जावई फोनवर बोट फिरवत मागे मागे गेला. "मग हिचे निरोप कुठे आहेत?"

कॉम्प्युटरने तेव्हा काय विचारलं होतं, ते काकांना आत्ता उमगलं. या नंबरावर एक मूल आधीच आहे, बदलायचं का? महिनाभर घरात पोरीचा एकही निरोप आला नव्हता, आणि कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नव्हतं.

"हसताय काय, बाबा?" लेक म्हणाली. "ही शेजारच्याच पाळण्यात होती ना? महिनाभर तुम्ही कुणाकडे बघत होतात?"

काकांचं हसू जागच्या जागी विरलं. भोंगा त्यांच्या मांडीवर बसून त्यांचा चष्मा चावत होती.

शेवटी लेक म्हणाली, "निदान ती रडल्यावर तुम्ही वही टाकून तिला उचललंत. उद्यापासून घरीच राहू दे तिला. तुम्हीच सांभाळा. पण नोंद ठेवायची. आणि दुपारी दीडला मला निरोप पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दीड वाजता दूध जमिनीवर होतं, भोंगा कपाटावर होती आणि आवाज तीन घरं पलीकडे जात होता. काका एका हाताने तिचा पाय धरून स्टुलावर उभे होते. दुसऱ्या हाताने त्यांनी टाइप केलं: 'बाळाने सगळं दूध संपवलं. शांत आहे.'

निरोप पुरता पोचायच्या आत अंगठा आला.

हसा, खुशाल हसा. फक्त आज दुपारी तुम्ही स्वतः कशाकशाला अंगठा दिलात, तेवढं जरा फोन वर सरकवून वाचून घ्या.