मधोमध शिवलेला पडदा

ही गोष्ट २०१९ सालच्या एप्रिलमधली. दुसरबीडच्या समाजमंदिरात नवा रंगमंच बांधून झाला होता, आणि जयंतीला पन्नास वर्षांपूर्वीचं पाणवठ्याचं नाटक पुन्हा करायचं ठरलं होतं. त्या जुन्या नाटकात नायिकेचं काम सहदेवनं केलं होतं. गावात तेव्हा मुलींना स्टेजवर उभं करत नसत. सोळा वर्षांची सिंधू तालमीच्या खिडकीशी बसून नायिकेची सगळी भाषणं पाठ करायची. पुढं तिचं लग्न त्या नायिकेशीच झालं.

आता सिंधूताई सहासष्ट वर्षांच्या. नाटक बसवणारे प्रसेनजित मास्तर घरी आले, तेव्हा त्यांनी धीर करून विचारलं, "मास्तर, मले एखादं काम? दोन वाक्याचंही चालन."

मास्तर ओशाळले. "कामं तं वाटून झाली, मावशी. पण पडदा शिवाचा हाये. तुमच्यासारखा हात कोणाचा नाही."

सिंधूताईंना लागलं, पण नाही म्हणवेना. आपण नाही तर आपला पडदा तरी स्टेजवर जाईल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

किरमिजी मखमलीचे बारा पन्हे घरात आले. मशीनला ते झेपेनात. मग सिंधूताईंनी पोती शिवायचं दाभण काढलं, दोऱ्याला मेण लावलं आणि हातानं दुहेरी शिवण घालायला घेतली. पडद्यानं आधी पलंग व्यापला, मग ओटा, मग सहदेवरावांची खुर्ची. आठव्या दिवशी ते ताट घेऊन पायरीवर जाऊन बसले.

"घर आपलं हाये का पडद्याचं?"

"गपचूप जेवा. नायिकेनं इतकं बोलू नाही."

शेवटी सिंधूताईंनी खालच्या काठाला बांबू घालायला जागा ठेवली. पन्नास वर्षांपूर्वीचा पडदा बांबूला गुंडाळला जात वर जायचा. त्यांच्या लेखी पडदा म्हणजे तोच. दुसरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. मास्तरांना वाटलं, ती जागा वजन घालायला असेल. नवा पडदा मधून दोन बाजूंना सरकतो, हे मावशींना सांगायला हवं, असं त्यांच्या मनातही आलं नाही. जयंतीच्या दिवशी दुपारी घाईघाईत पडदा टांगला. मधली शिवण चुण्यांत दडून गेली.

संध्याकाळी सहाला घंटा झाली. उजवीकडून मास्तरांनी दोरी ओढली, डावीकडून मदतीला घेतलेल्या गोविंदानं. पडदा ताणला गेला, वरची नळी करकरली, पण फट काही पडेना.

"ओढ बे, ओढ!"

गोविंदानं सगळा जोर लावला. दोरी तुटली आणि तो पायऱ्यांवरून घरंगळत थेट पाहुण्यांच्या पायाशी आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आतून दीपमालाचं, म्हणजे नव्या नायिकेचं, पहिलं वाक्य ऐकू आलं. दीपमाला मात्र दिसेना.

मास्तरांनी पडद्याच्या कडेनं डोकं बाहेर काढलं. "मावशी! मधात शिवला काऊन?"

"मंग काय फाटका देऊ?"

"अवो, हा मधातून उघडते!"

"मले काय मालूम? आपला तं वर जाये!"

सिंधूताई पिशवीतलं ब्लेड घेऊन स्टेजवर चढल्या आणि शिवण उसवायला लागल्या. पण मेणाचा दुहेरी दोरा, तोही त्यांच्याच हातचा. टाक्यागणिक झटापट. लोक शिट्ट्या मारू लागले. त्या गोंधळात आत दीपमाला बावरली आणि तिला पुढचं भाषणच आठवेना.

सिंधूताईंचा हात टाक्यावर तसाच राहिला. मग त्यांच्या तोंडून आपोआप आलं, "मी रिकामी घागर घेऊन वापस जात नाही. पाणी तुमचं असन, तहान तं माही हाये!"

शिट्ट्या थांबल्या. त्या उसवत राहिल्या आणि बोलत राहिल्या. आवाज चढत गेला. मधेच लोकांतून सहदेवराव ओरडले, "सिंधू, तिथं थांबाचं हाये!"

त्या थांबल्या. दम घेऊन पुढं बोलल्या. भाषण संपलं तेव्हा अजून दोन हात शिवण बाकी होती, आणि टाळ्या काही संपेनात.

घरी जाताना त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"एक शब्द चुकला नाही. मलेही नव्हतं जमलं तसं." सहदेवराव म्हणाले. "पण सारं पडद्याकडं तोंड करून बोलली तू. लोकायले नुसता अंबाडा दिसला."

सिंधूताईंना हसू आलं. 

गोविंदानं पुन्हा दोरीला हात लावला नाही. तो आता जवळच्या बीबी गावात मोबाइल दुरुस्त करतो. दीपमाला बुलढाण्यात नर्स झाली. मास्तर आजही कुठला पडदा टांगण्याआधी मधून हात घालून बघतात. पुढची दोन वर्षं नाटकं झालीच नाहीत, आणि एकवीसच्या उन्हाळ्यात सहदेवराव गेले.

बावीसच्या जयंतीला मास्तरांनी ते भाषण सिंधूताईंनाच दिलं. या वेळी त्या लोकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. जिथं थांबायचं, तिथं मुद्दाम थांबल्या नाहीत. पुढचं वाक्य बोलल्या, आणि मग लोकांकडे बघत जराशी वाट पाहिली. कोणीच हटकलं नाही.

त्या दिवशीही टाळ्या पुष्कळ पडल्या.